शब्दचर्चा: पुटिका की पुरचुंडी?

निळी_शाई:
हिवतापावरचा एक लेख मराठीत आणतेय. 'एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल'पाशी, म्हणजे पेशी बाहेर सोडते त्या सूक्ष्म पिशवीपाशी, अडलेय. 'पेशीबाह्य पुटिका' लिहून आईला मसुदा वाचायला दिला, तर म्हणाली, "पेशीला पुटकुळ्या येतात होय?"

जुने_मास्तर:
आईंचा कान तिखट आहे. पुट म्हणजे पोकळ घडी, द्रोण, संपुट त्यातलंच. नाटकाची जशी नाटिका, तशी पुटीची पुटिका. रूढ शब्द आहे, राहू द्या.

गाळणकागद:
मास्तर, परजीवींच्या विषयात नेमका तिथेच घोळ होतो. पुटी म्हणजे सिस्ट. आमांशाच्या अमीबाची पुटी पाण्यातून पोटात जाते, तिच्यात जिवंत अमीबा असतो, आकार साधारण १० ते २० मायक्रॉन. ही पुटिका बहुतेकदा तिच्याहून शंभरेक पट लहान आणि आत जीव नाही, नुसता माल. प्रथिनं, आरएनए वगैरे. वर्गात मी 'पुटिकेतून' म्हणतो, मागच्या बाकावर 'पुटीतून' लिहिलं जातं. उत्तरपत्रिका मीच तपासतो, म्हणून माहीत.

निळी_शाई:
मग सरळ एक्झोसोम?

गाळणकागद:
नको. पेशीच्या आतल्या पिशवीत तयार होऊन बाहेर पडतात त्याच एक्झोसोम, ३० ते १५० नॅनोमीटरच्या. पेशीच्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाला, फुगवटा येऊन तुटतात त्या वेगळ्या. नमुन्यात दोन्ही मिसळलेल्या, म्हणून तर 'एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल' हे मोघम नाव.

विळी:
पुरचुंडी म्हणा की! आम्ही गावाहून निघालो की आजी जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात ओवा बांधून द्यायची. फडकं तिचंच, आतलं तिने निवडलेलं, आणि जायचं दुसऱ्याच्या घरी.

गाळणकागद:
विळीताई, हे फारच नेमकं. पटल पेशीचं स्वतःचंच असतं. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी प्लेटलेटमधून निघणाऱ्या या कणांना 'धूळ' म्हटलं होतं. १९८० च्या दशकात रोझ जॉनस्टन मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशींत हेच पाहत होत्या, तेव्हाही पेशी नकोसं झालेलं बाहेर टाकते, एवढाच अर्थ लावला गेला. २०१३ मध्ये दिसलं की हिवतापाने बाधित तांबड्या पेशी यांतून डीएनएसुद्धा पाठवतात. प्रयोगशाळेत औषधाला दाद न देणारं जनुक एका परजीवीकडून दुसऱ्याकडे असंच पोचलं. ही धूळ कसली, पुरचुंडीच.

फक्त षष्ठी सांभाळा. हिवतापात 'परजीवीची पुटिका' लिहू नका. परजीवी तांबड्या पेशीच्या आत दडलेला. फडकं पोशिंद्या पेशीचं, मालात मात्र परजीवीचाही वाटा. लीशमानिया या वाळूमाशीतून पसरणाऱ्या परजीवीचं तसं नाही, तो स्वतःच सोडतो, अगदी वाळूमाशीच्या आतड्यातसुद्धा. माशी चावली की परजीवीबरोबर त्याही कातडीत उतरतात. उंदरांत त्यामुळे जखम वाढलेली दिसली आहे. तिथे 'परजीवीच्या' खुशाल लिहा.

जुने_मास्तर:
पुरचुंडी मान्य, पण पहिल्यांदा येईल तिथे कंसात पुटिका हवीच, नाहीतर कोशात शोधणाऱ्याने काय करायचं? आणि 'पोशिंदा' लिहिलंत ते बरं केलंत. होस्टला 'यजमान' वाचलं की माझी सौ. माझ्याकडे बघते.

निळी_शाई:
आता वाक्य असं: 'बाधित तांबड्या पेशी आपल्याच पटलाच्या पुरचुंड्या (पेशीबाह्य पुटिका) बांधून सोडतात.' आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "बांधून लगेच सोडतात कशाला मग?"

विळी:
😂 'बांधून धाडतात' करा.

निळी_शाई:
केलं. आता विचारतेय, तिकडे गाठ कोण सोडतं?

गाळणकागद:
घेणारी पेशी. कधी अख्खी पुरचुंडी गिळते, कधी पटलाला पटल मिळून आतला माल सांडतो. या दुसऱ्याला पुस्तकात 'विलीनीकरण' म्हणतात. बँकांचं होतं ते. दुसरं काही सुचतंय का कुणाला?