विंडोज १० संपलं, पीसी धडधाकट आहे आणि वीस वर्षांचं काम पेजमेकरमध्ये अडकलंय, काय करू?

हरभटरोड_डीटीपी

नमस्कार मंडळी. सांगलीत हरभट रोडच्या आतल्या बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांत, बिलबुकं, दिवसकार्याची कार्डं, हळदीच्या पाकिटांची लेबलं, असलं सगळं. पीसी २०१६ चा, आय फाइव्ह सहावी जनरेशन, आठ जीबी रॅम, मधे एसएसडी टाकली तेव्हापासून नुसता पळतोय. २०१९ च्या पुरात बाकी सगळं सोडून आधी हा सीपीयू खांद्यावर टाकून वरच्या मजल्यावर नेलेला. आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय पाहिजे म्हणे, म्हणजे आमचा गडी बाद. पुरातनं वाचला आणि अपडेटात बुडाला.

बरं नवीन पीसी घेऊ म्हटलं तर खरं दुखणं तिथून सुरू होतंय. सगळं काम पेजमेकर सात ह्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. फॉन्टचं जुनं पॅकेज, त्याला डोंगल (पीसीला लावायची परवान्याची किल्ली) लागतं, त्या कंपनीला फोन केला (नाव घेत नाही) तर म्हणाले जुनं डोंगल नवीन विंडोजवर चालणार नाही, नवीन व्हर्जन घ्या, पैसे पूर्ण, जुन्याचे काही वळते होणार नाहीत. प्रिंटरचं आणि तिसरंच, मागच्या महिन्यात अपडेट मागितलं म्हणून दिलं तर त्यानंतर रिफिल केलेली कार्ट्रिज घेईना झालाय, शाई भरलेली आहे डोळ्यानं दिसतंय आणि हा म्हणतोय कार्ट्रिज ओळखू येत नाही.

भाचा म्हणतोय मामा विंडोजच्या जागी लिनक्स टाका. शेजारचा म्हणतोय नेटची वायर काढा आणि निवांत चालवा. तुम्ही काय कराल? आणि चालतं मशीन असं बाद ठरवता येतं का हो, कुणी विचारणारं नाही का ह्यांना?

मिरजेचा_पेंग्विन

दादा भाच्याला चहा पाजा, पोरगं बरोबर सांगतंय.

पण आधी तातडीचं. घरगुती वापराच्या विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट उघडा, मग तीस डॉलर भरा नाहीतर सेटिंगचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू करा, म्हणजे फुकट. यातली गंमत बघा, पैसे नकोत, अकाउंट पाहिजे. फुकटच्या मागचं गिऱ्हाईक आपणच.

टीपीएमचं सांगतो. ती एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी सोय आहे, वाईट काही नाही, आणि तुमच्या सहाव्या जनरेशनच्या बऱ्याच बोर्डांवर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतात त्या सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम २.० चालूही करता येतं. तरी तुम्ही बाद, कारण प्रोसेसरचं नाव यादीत नाही. म्हणजे कुलूप बसतंय, किल्ली आहे, पण वॉचमन म्हणतोय रजिस्टरमध्ये नाव नाही.

लिनक्स मिंट टाका, विंडोज न उडवता शेजारी, दोन्ही ठेवा. ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस, पत्रिकेची पानं लावायला स्क्रायबस. स्क्रायबस १.६ जानेवारी २०२४ ला आलं, त्यात आपली जोडाक्षरं नीट बसतात, पूर्वीच्या १.४ मध्ये नुसता पाय मोडलेल्या अक्षरांचा ढीग व्हायचा. विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणारं वाइन नावाचं असतंय, त्याच्यातनं पेजमेकर मी चालवून बघितलंय, उघडतो, पण डोंगल काही केल्या ओळखलं नाही, तिथं मी हात टेकले.

कुपवाड_हिशेब

झालं, आला लिनक्सवाला. भावा तुझं बरोबर असेल पण त्यांच्या दुकानात मुहूर्ताची तारीख असते. सव्वीस तारखेचं लग्न आहे आणि पत्रिका स्क्रायबसमध्ये शिकत शिकत करणार का ते? मी एमआयडीसीतल्या आठ-दहा युनिटचे हिशेब बघतो, टॅली विंडोजवर, डिजिटल सहीचं डोंगल विंडोजवर, जीएसटीचं सगळं त्याच्यावर सेट झालेलं. मोनोपॉली मोनोपॉली म्हणून ओरडायला मलाही येतंय, पण सगळे एकच सॉफ्टवेअर वापरतात म्हणून तर कुठलाही पोरगा कामाला ठेवला की पहिल्या दिवशी एंट्री मारायला लागतो. त्याचीही किंमत असते की.

जुना बॉक्स सेकंडहँड मार्केटला द्या, आठव्या-नवव्या जनरेशनचा कंपन्यांमधनं निघालेला पीसी घ्या आणि कामाला लागा.

आणि एक विचारू का, राग मानू नका. ते पेजमेकर सात विकत घेतलेलं आहे का?

हरभटरोड_डीटीपी

@कुपवाड_हिशेब राग कसला. नाही घेतलेलं. २००४ साली पुण्याच्या एका मित्रानं सीडी दिली, त्यावर स्केच पेननं नुसतं पी.एम. लिहिलेलं, तीच सीडी गावभर फिरली. फॉन्ट मात्र रोख मोजून घेतलेत, डोंगलची पावती अजून आहे, लॅमिनेट करून ठेवलीय.

मिरजेचा_पेंग्विन

इथंच तर मेख आहे. त्या सीडीनं कंपनीचं नुकसान झालं असं मला नाही वाटत, उलट फायदा झाला. कुणी पैसे भरले नाहीत पण सगळा जिल्हा त्याच सॉफ्टवेअरवर शिकला, क्लासवाल्यांनी तेच शिकवलं, ऑपरेटर पाहिजे म्हणून जाहिरात आली की पेजमेकर-कोरल येणं आवश्यक. स्वस्त नाहीतर मोफत दुसरी सॉफ्टवेअरं होती ती कुणी बघितलीच नाहीत, कारण फुकटात तर भारीतलं मिळतंय. चोरी आपण केली आणि अडकलो पण आपणच.

पुढं अडोबीनं २००४ ला पेजमेकरचं काम थांबवलं, आमच्याच नव्या इनडिझाइनकडे चला म्हणाले, आणि २०१३ पासून त्याचंही नवीन व्हर्जन विकत मिळायचंच बंद, क्रिएटिव्ह क्लाउड, दर महिन्याला भाडं. सीएस सिक्स हे शेवटचं, जे एकदा पैसे देऊन आपलं व्हायचं. मग २०२२ ला फिग्मा ही डिझाइनच्या सॉफ्टवेअरची कंपनी घ्यायला निघाले २० अब्ज डॉलरला, युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांनी अडवून धरलं म्हणून डिसेंबर २०२३ ला सोडून दिलं. म्हणजे विचारणारं कुणीतरी असतंय, पण तुमच्या-माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत ते पोचत नाही.

पोवईनाका_सातारा

विचारणारं आपल्याकडं पण आहे की. स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडवरून १३३७.७६ कोटी दंड ठोकला, अपिलात मार्च २०२३ ला दंड कायम राहिला. नोव्हेंबर २०२४ ला व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या पॉलिसीवरून मेटाला २१३.१४ कोटी. वाचायला लई बरं वाटतं. पण माझ्या कटलरीच्या दुकानात बघा, काउंटरवर तीन क्यूआर आहेत आणि गिऱ्हाईक पैसे टाकतंय दोनच ॲपवरनं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं नोव्हेंबर २०२० ला सांगितलेलं कुठल्याही एका ॲपकडे यूपीआयच्या ३० टक्क्यांवर व्यवहार नकोत, मुदत वाढवत वाढवत ३१ डिसेंबर २०२६ वर नेलीय. आमच्याकडं अतिक्रमण हटावची नोटीस पण इतक्यांदा पुढं जात नाही राव.

विषयांतर झालं, माफी. पत्रिकेतलं आपल्याला काही कळत नाही.

जुळारी_ताई

सगळे विंडोजवर बोलताय, खरा प्रश्न विंडोजचा नाहीच. मी बावीस वर्षं वर्तमानपत्रात आणि नंतर पुस्तकांच्या जुळणीत काढली, आता विश्रामबागला घरूनच काम करते, त्यामुळे जरा लांब लिहिते, वाचा.

दादा, तुमच्या फाइलीत मराठी नाहीच आहे. जुन्या फॉन्टमध्ये काय करायचे, तर इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागेवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवायचे, काना एका जागी, अर्धा क दुसरीकडे, रफार तिसरीकडे. कंप्युटरच्या लेखी ती सगळी परदेशी अक्षरंच. फॉन्ट आहे तोवर ते मराठी दिसतं, फॉन्ट काढला की भडंग. आणि प्रत्येक कंपनीनं तुकडे वेगवेगळ्या जागी बसवलेले, म्हणून एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये टाकला तरी भडंगच. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, ऐंशी-नव्वदच्या काळात दुसरा मार्ग नव्हता, पुण्याच्या श्रीलिपीनं आणि सी-डॅकनं तेव्हा जे केलं त्यावर महाराष्ट्रातली निम्मी छपाई उभी राहिली. पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० मध्ये ती चालायला लागली. पेजमेकरला मात्र युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही, शेवटचं व्हर्जन २००१ चं. तुम्ही पेजमेकरमध्ये राहिलात म्हणून जुन्या फॉन्टमध्ये राहिलात, जुन्या फॉन्टमध्ये राहिलात म्हणून डोंगल, आणि डोंगलमुळे हे विंडोज. सगळी साखळी एका कड्याला अडकलीय. ते कडं सोडवलंत तर पीसी कुठलाही घ्या नाहीतर घेऊ नका, फरक पडत नाही.

काय करायचं ते सांगते. या पीसीची नेटची वायर आत्ताच काढा, तो जुन्या कामांचं कपाट म्हणून ठेवा. जी गिऱ्हाइकं परत परत येतात त्यांचा मजकूर आधी बाहेर काढा, बिलबुकाचे मथळे, दुकानांची नावं, पत्रिकेचे दहा-बारा ठरलेले मायने, एवढंच. वीस वर्षांच्या सगळ्या पत्रिका काढत बसू नका, ती लग्नं झालीत. कन्व्हर्टर मिळतात, त्यातनं युनिकोड करा, पण पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यात तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवतात, रफाराचं बरोबर उलटं, त्यामुळे कन्व्हर्टर तिथंच गडबडतो. मला एकदा 'चिरंजीव' मधली वेलांटी र वर गेलेली सापडली, 'चरिंजीव', तीही प्रूफाच्या तिसऱ्या वाचनात.

दुसरं, फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. विंडोजमधला मंगल हिंदी वळणाचा ल आणि श दाखवतो. गिऱ्हाइकाला नाव सांगता येत नाही पण 'अक्षर परकं वाटतंय' म्हणून पत्रिका परत करतात, माझ्यावर आलीय ती वेळ. टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट फुकट आहे, त्यात आपला ल, आपला श. ठसठशीत मथळ्याला बलू, बारीक मजकुराला मुक्त, दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, तेही फुकट आणि छापायला परवानगी आहे.

पेंग्विन म्हणतात ते स्क्रायबस चालेल. इनडिझाइन कुणाकडे असेल तर सेटिंगमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि लोक फॉन्टला शिव्या देतात.

कुपवाड_हिशेब

ताई हे मान्य. माझ्याकडं पण २००६ चे लेजर जुन्या फॉन्टमध्ये आहेत, परवा बँकेनं मागितले तर प्रिंट काढून स्कॅन करून पाठवले.

पोवईनाका_सातारा

प्रिंट काढून स्कॅन 😂 डिजिटल इंडिया

हरभटरोड_डीटीपी

तीन आठवड्यांनी येतोय, माफी, सीझन चालू होता.

ताईंनी सांगितलं तसं जुना पीसी नेट काढून कोपऱ्यात ठेवला, वर त्याची जुनी टोपी घातली, पेजमेकर फक्त जुनी फाइल बघायला. भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप आणून मिंट टाकून दिलं. पहिले चार दिवस मी त्याला मनातल्या मनात काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. इन्स्क्रिप्ट हा युनिकोडचा कीबोर्ड शिकलोय, बोटं अजून जुन्या लेआउटवर जातात, 'कुलस्वामिनी' ला परवा सात मिनिटं लागली. पण काल पहिली पत्रिका पूर्ण त्यावर केली, कवठ्याकडचं लग्न, मुलीचे वडील आले, प्रूफ चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले 'अक्षर छान आहे, नवीन मशीन घेतलंत काय'. मी म्हटलं व्हय. काय सांगत बसायचं त्यांना.

फॉन्टच्या कंपनीचा दोनदा फोन आला, ऑफर आहे म्हणाले. प्रिंटर अजून रिफिल घेत नाही, त्याचं काय करायचं ते कळत नाही, शेवटी शाईच्या टाकीवाला घ्यावा लागेल बहुतेक.

आता एकच अडलंय. त्यांनाच वऱ्हाडाच्या बसच्या काचेवर लावायला मोठा कागद पाहिजे, आणि मला 'वऱ्हाड' मधला तो ऱ्ह कुठं सापडेना. मी केलं की 'वर्हाड' होतंय, रफार डोक्यावर जाऊन बसतोय. बस सकाळी सहाला निघणार आहे.

जुळारी_ताई

शिफ्ट दाबून जे, मग डी, मग यू. साधा र घेऊ नका, शिफ्टवाला घ्या.

हरभटरोड_डीटीपी

आला 🙏