ऑस्ट्रेलियाच्या लाल वाळवंटातील सहल : शेवटचा दिवस

गेल्या रविवारी माळ्यावरची बॅग खाली काढली, तेव्हा तिच्या चेनमधून चिमूटभर लाल माती फरशीवर सांडली आणि हातातले काम तसेच राहिले. ती माती जुलै २०१८ मधली, मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावाहून निघालेल्या आमच्या तीन दिवसांच्या सहलीची होती. उलुरू हा प्रचंड लाल खडक आणि काटा त्जुटाचे घुमटाकार डोंगर आधीच्या दोन दिवसांत पाहून झाले होते. तिसऱ्या दिवशी किंग्ज कॅन्यन ही खोल दरी आणि परतीचा प्रवास एवढेच उरले होते. आम्ही स्वॅगमध्ये, म्हणजे आत पातळ गादी असलेल्या कॅनव्हासच्या वळकटीत, उघड्यावर झोपत असू. ती वळकटी गुंडाळताना गुडघ्याने दाबून हवा काढावी लागते, नाहीतर पट्टा पुरत नाही. पहिल्या दोन्ही सकाळी माझा पट्टा एका डच आजींनी लावून दिला होता. तिसऱ्या पहाटे थंडीने बोटे वळत नव्हती, तरीही तो मला एका दमात लागला, आणि नेमकी त्याच दिवशी ती वळकटी परत करायची होती.

कॅन्यनच्या सुरुवातीच्या सुमारे ५०० पायऱ्यांनी सगळ्यांची बोलती बंद केली. पण कड्यावरची सहा किलोमीटरची वाट सपाट आहे, आणि मध्येच खाली उतरल्यावर त्या रखरखाटात पाण्याचा डोह लागतो. मात्र मला सर्वांत जास्त आठवते ती ॲलिस स्प्रिंग्जमधली संध्याकाळ. बस एकेका हॉटेलापाशी थांबत होती. पहिल्या थांब्यावर आम्ही सगळे खाली उतरून गळाभेट घेतली, तिसऱ्या थांब्यावर जागेवरूनच हात हलवले, आणि माझा थांबा शेवटचा असल्यामुळे मला निरोप द्यायला केवळ चालक उरला होता.

आपल्यापैकी ज्यांनी अशी सहल केली असेल, त्यांनी आपला शेवटचा दिवस अवश्य लिहावा.

नागपूरकर : आमच्या शेवटच्या सकाळी रात्रीचा उरलेला डँपर होता. निखाऱ्यांवर जाड बिडाच्या भांड्यात भाजलेली ही पिठाची भाकर पाहून मला थेट आमच्या शेतावरचे रोडगे आठवले. शिळा डँपर दगडासारखा होतो, असे वाटाड्याने बजावले होते. परंतु काकवीसारखा दिसणारा गोल्डन सिरप ओतल्यावर तो मऊ पडला. वांग्याची भाजी तेवढी हवी होती, हे मी तिथे मोठ्याने बोललो आणि अर्थातच कोणालाही कळले नाही.

ॲडलेडवासी : आमची सहल ॲलिस स्प्रिंग्जहून ॲडलेडकडे होती आणि महिना डिसेंबरचा होता. ॲलिस स्प्रिंग्ज ज्या प्रांतात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीत उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, ॲडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियात करतात, त्यामुळे सीमा ओलांडताच एक तास हरवतो. मी ते विसरलो. शेवटची रात्र कूबर पेडीला, ओपलच्या खाणींच्या गावी, जमिनीखालच्या खोलीत काढली होती. तिथे ना खिडकी, ना उजेड, त्यामुळे सकाळ झाल्याचे कळायला काही मार्गच नव्हता. मी सावकाश दात घासून वर आलो, तेव्हा बसमध्ये सोळा माणसे माझी वाट पाहत बसली होती. पुढे साडेआठशे किलोमीटर जायचे होते, आणि पोर्ट ऑगस्टाला समुद्राची खाडी दिसेपर्यंत माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही.

धागाकर्ती : सोळा माणसांचा रोष साडेआठशे किलोमीटर सोसलात, याबद्दल मनापासून सहानुभूती!

मुलुंडची आई : ताईंच्या बॅगेतल्या मातीवरून सांगते. शेवटच्या दिवशी सामान भरताना लेकाच्या खिशात उलुरूजवळचा लाल खडा सापडला. तिथून दगड वा माती नेऊ नये, असे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. नेलेले खडे लोक क्षमापत्रासह टपालाने परत पाठवतात आणि त्यांना तिथे ‘सॉरी रॉक्स’ म्हणतात, हे वाटाड्याने सांगितल्यावर लेक रडकुंडीला आला. तो खडा आम्ही वाटाड्याच्याच हाती दिला. ही भूमी तिथल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे अनंगू लोकांना, २६ ऑक्टोबर १९८५ रोजी परत मिळाली आणि बरोबर ३४ वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच तारखेपासून उलुरूवर चढणे बंद झाले. लेकाने पुढे शाळेत त्यावर भाषणही केले. खड्याचा भाग मात्र वगळला.

धागाकर्ती : मुलुंडच्या ताई, माझी माती चेनमध्ये आपोआप अडकलेली होती, हे येथे नम्रपणे नोंदवते. तरी आता ती केरात टाकावीशी वाटत नाही, म्हणून कागदाच्या पुडीत बांधून ठेवली आहे.

कोथरूडकर : आमची बस शेवटच्या दुपारी ॲलिस स्प्रिंग्जच्या वाटेवरच्या एर्लडंडा या थांब्याच्या अलीकडे बंद पडली. कंपनीची दुसरी गाडी येईपर्यंत चार तास गेले, विमान चुकले आणि भरपाईच्या पत्रांना आजतागायत उत्तर नाही. परंतु त्या चार तासांत एका कोरियन मुलाने सगळ्यांना पत्त्यांचा एक डाव शिकवला, आणि तीन-तीन डबे जोडलेले लांबलचक ट्रक, म्हणजे रोड ट्रेन, शेजारून गेल्या की सगळे पत्ते उडून रस्त्यापलीकडे जात. बदाम सत्ती आम्ही शिकवली. इस्पिकची राणी अजून तिथेच कुठेतरी असेल.