अनुभव धागा: कात्री, खळ आणि कात्रणवही

वाचणाऱ्यांचे दोन पंथ असतात. पुस्तकाच्या पानाचा कोपरासुद्धा न दुमडणाऱ्यांचा एक, आणि हातात कात्री घेऊनच पेपर उघडणाऱ्यांचा दुसरा. हा धागा दुसऱ्या पंथासाठी. पहिल्यांनीही यावं, पण नाकं मुरडायची नाहीत.

काय कापता, कशात चिकटवता, आणि मुख्य म्हणजे नंतर ते उघडून वाचता का, ते लिहा. शाळेच्या प्रकल्पासाठी दुकानातून चित्रांचा तक्ता आणून आदल्या रात्री ‘आपले पक्षी’ चिकटवले असतील, तर ते धरायचं नाही. ते आईवडिलांचं काम होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

सुरुवात मीच करते. बाईची कात्रणवही म्हटली की लोक पाककृती गृहीत धरतात. माझी वही नाटकांच्या जाहिरातींची आहे. पेपरातल्या त्या छोट्या चौकटी: नाटकाचं नाव, कलाकार, ‘रवि. दु. ४ वा. शिवाजी मंदिर’. सुटी जाहिरात म्हणजे काहीच नाही. पण एकाच नाटकाच्या जाहिराती ओळीनं लावल्या की मजा येते. ‘शुभारंभाचा प्रयोग’ पासून प्रयोग क्रमांक चढत जातो. दादरचं नाटक ठाण्याच्या गडकरीला जातं, पुण्याला बालगंधर्वला जातं. मधेच एका कलाकाराचं नाव गळतं आणि दुसरं येतं, त्याबद्दल कुठे अवाक्षर नसतं. चौकट लहान होत जाते. मग ‘शेवटचे काही प्रयोग’, आणि हे शेवटचे काही बरेच महिने चालतात! समीक्षा पुस्तकांतून छापली जाते, ही माहिती कोण छापणार?

जुना खेळिया, सातारा

आमची वही क्रिकेटची, आणि वही म्हणजे बँकेचं रद्द झालेलं खतावणीचं बाड. पुठ्ठा जाड, पानं दणकट, फुकट. १९८३ च्या विश्वचषकात, १८ जूनला इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध आपले ५ बाद १७ झाले होते आणि कपिलदेवने नाबाद १७५ काढल्या. त्या खेळीचं चित्रीकरणच उपलब्ध नाही. त्यामुळे फायनल ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांनाही ही खेळी वाचूनच माहीत आहे. माझ्याकडे त्या दिवसांचे दोन वेगवेगळ्या पेपरांतले वृत्तांत शेजारी शेजारी लावलेले आहेत. एकात फटके आहेत, दुसऱ्यात आकडे. दोन्ही वाचल्यावर सामना उभा राहतो. आज एका चेंडूचे दहा कोनांतून व्हिडिओ मिळतात, पण वर्णन करून लिहिणारा बातमीदार मिळत नाही, असं माझं (म्हातारं) मत.

चिकटवायला घरची खळ. मैदा पाण्यात शिजवायचा, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतो, लहान मुलांना त्या भांड्याजवळ फिरकू द्यायचं नाही. आणि कात्रणाच्या कडेला पेपरचं नाव व तारीख लिहायचीच. तारीख नसलेलं कात्रण म्हणजे रद्दी.

ग्रंथपालकाकू, नाशिक

खेळियांच्या तारखेला अनुमोदन. आता थोडं कडू बोलते. कात्रणाचा छंद चांगला, पण अंक स्वतःचा असावा. एका सार्वजनिक वाचनालयात नोकरी केली, तिथे दिवाळी अंक फिरून परत येईपर्यंत शब्दकोडं सोडवलेलं, भविष्याच्या पानावर तेलाचे डाग आणि पाककृतीचं पान ब्लेडनं अलगद काढलेलं असायचं. इतकं सफाईनं, की पुढच्या वाचकानं तक्रार केल्याशिवाय कळायचं नाही. त्या पानामागे कथेचा शेवट असायचा! कथा कशी संपली हे विचारायला वाचक माझ्या टेबलाशी. १९०९ च्या ‘मनोरंजन’ पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा, आणि आम्ही शेवट नसलेल्या कथा वाटतोय.

कागदाबद्दल थोडं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात लिग्निन राहतं. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. म्हणून वही काचेच्या कपाटात मिरवायला ठेवू नये, बंद कपाटात आडवी ठेवावी. पारदर्शक चिकटपट्टी तर अजिबात नको. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होतो, पट्टी सुटून येते, डाग राहतो. फार मोलाचं कात्रण असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती चिकटवावी आणि मूळ कात्रण पाकिटात ठेवावं.

कॅलेंडरवाली, न्यू जर्सी

इथे मराठी पेपर दारात येत नाही आणि भारतातून मागवलेल्या दिवाळी अंकाला कात्री लावायचा धीर होत नाही. उरलं काय, तर कालनिर्णय. महिना संपला की पान फाडायचं आणि उलटायचं. लेख, पाककृती, आरोग्याचे सल्ले, सगळं मागच्या बाजूला. नवरा पुढचं पान बघतो, मी मागचं वाचते. अट एकच, महिना संपेपर्यंत थांबायचं. ऑगस्टच्या मागे काय आहे ते जानेवारीतच वाचून टाकणारे लोक असतात, मी त्यातली नाही.

पुढची बाजूही वाया जात नाही. लेकीला अक्षरं शिकवताना तारखांचे मोठे आकडे आणि वारांची नावं कापून तिची वही केली. ‘बुधवार’ तिला ‘आई’ च्या आधी लिहिता आलं.

टेपसम्राज्ञी, पुणे

मी या धाग्यावरची बहुतेक सगळ्यात लहान. आमच्या पिढीत याला जर्नलिंग म्हणतात आणि सामान महाग असतं. नक्षीदार वाशी टेप (जपानी कागदी चिकटपट्टी), स्टिकर, ब्रशपेन. मैत्रिणी पान सजवून त्याचा फोटो टाकतात, ठीक आहे. मला सजावटीपेक्षा वाचनाची नोंद ठेवायला आवडते. पुस्तक संपलं की एक पान: त्यातलं एक वाक्य हातानं उतरवलेलं, ते कुठे वाचलं त्याची खूण (एसटीचं तिकीट, चहाच्या पुडीचा कागद, काहीही), आणि पुस्तक कुणाला सुचवेन त्याचं नाव. नाव सुचलं नाही की पुस्तक बहुधा आवडलेलं नसतं.

ग्रंथपालकाकूंच्या यादीत एक भर. एसटीचं मशीनमधून येणारं तिकीट आणि दुकानाची पावती उष्णतेनं छापलेली असते, ती काही काळानं कोरी होते. चिकटवायच्या आधी फोटो काढून छापून घ्या. माझ्या मामाकडे कंडक्टर पंच मारून द्यायचे ती जुनी तिकिटं आहेत, ती अजून ठणठणीत.

पहिल्या पंथाचा

नाक मुरडत नाही, पण मला हे जमत नाही. पेपरला भोक पडलं की मागची बातमी मेली. मी स्क्रीनशॉट काढतो. उघडून वाचतो का? नाही.

फळा आणि खडू, जिल्हा परिषद शाळा

प्रकल्पाला नावं ठेवलीत म्हणून लिहितोय. आमच्या वर्गात पेपर एकच येतो. तो वाचून झाला की एका मुलानं एक बातमी कापायची, चिकटवायची आणि खाली स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला ही वही पाहुण्यांसमोर ठेवतो. पाहुणे कौतुक करतात आणि मुलं एकमेकांच्या ओळींवर भांडतात. बाजारभाव कापणारा एक मुलगा आहे. कांद्याचा भाव त्यानं वर्षभर चिकटवला आणि खाली लिहिलं, ‘आमचा कांदा गेला तेव्हा हा भाव नव्हता.’

जुना खेळिया, सातारा

गुरुजी, त्या मुलाला बँकेचं एक बाड माझ्यातर्फे. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. आणि नाटकवाल्या ताई, साताऱ्याच्या शाहू कलामंदिरातल्या प्रयोगांच्या जाहिराती तुमच्याकडे आहेत का? आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे की लग्नानंतरचं पहिलं नाटक आम्ही तिथे पाहिलं. मी म्हणतो पुण्यात. वाद तारखेवर आला आहे.