बोंदेऱ्याला गर्दी किती असावी? दिवाडी बेट, फेरीबोट आणि रात्रीचा मंच

खाजनवाट:
ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी गोव्यात, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर बोंदेरा हा उत्सव होतो. ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं होती, पोर्तुगीज अमलात हद्दीवर निशाणं रोवली आणि समोरच्या वाड्याने ती पाडायची, अशी याची कथा सांगतात. आज वाड्यांची निशाणं, चित्ररथ, ब्रास बँड आणि पोरांच्या हातात फोटाश, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुका.

माझं म्हणणं असं, की मिरवणूक ठेवा, फोटाश ठेवा, वाड्यांचे स्टॉल ठेवा. रात्रीचा मोठा मंच आणि बाहेरचे विक्रेते बंद करा. कारण खाजन, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेतं. या दिवसांत खाजनात भात उभं असतं. पाणी सोडायला-अडवायला बांधावर मानस असते. तिची लाकडी दारं ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरती आली की नदीच्याच रेट्याने मिटतात. दार आणि चौकट यांच्यामध्ये एक प्लास्टिकची बाटली आडवी अडकली, की दोन बोटं फट राहते आणि पुढचे सहा तास नदी आत येत राहते. उत्सवाचा कचरा आधी गटारात, पावसाने खाजनात आणि तिथून वाहत नेमका मानशीच्या तोंडाशी येतो. पाणी बाहेर जायची वाटच ती.

फेरीधक्का:
मुद्दा मोठा आहे, पण एक गोष्ट सुटली. ऑगस्टात मांडवीला पावसाचं पाणी असतं, नदी बरीचशी गोडी असते. एका दिवसाच्या कचऱ्याने खारं पाणी शिरून भात जळतं हे पटत नाही.

आणि मंच बंद करून गर्दी सुटत नाही, उलट अडकते. गणित मांडून बघा. समजा फेरीबोटीच्या एका फेरीत 100 माणसं, जाऊन-येऊन 20 मिनिटं, दोन बोटी. तासाला 600. (बोटीच्या परवान्यावरचा खरा आकडा घाला, रीत तीच.) 3,000 माणसं सकाळी 11 पासून दुपारी 4 पर्यंत येतात, त्यामुळे येताना काही जाणवत नाही. मिरवणूक संपली आणि मंच नाही, तर तीच 3,000 माणसं सात वाजता जुन्या गोव्याच्या फेरीसाठी धक्क्यावर उभी. शेवटचा माणूस पलीकडे जायला रात्रीचे बारा. मंच असला की निम्मे थांबतात आणि रांग पसरते.

बंद करायचीच तर बाहेरची चारचाकी बंद करा. एक गाडी आजूबाजूच्या मोकळ्या जागेसह बोटीवर साधारण 10 चौरस मीटर खाते. तेवढ्यात 20 माणसं उभी राहतात. गाड्या जुन्या गोव्यात आणि रायबंदरला ठेवून माणसांनी पायी बोटीवर चढावं. बेटावरच्या लोकांना वेगळी रांग द्या, कारण त्यांना त्या दिवशीही दवाखान्यात, कामावर जायचं असतं. आणि एक बोट रिकामी, इंजिन चालू, फक्त रुग्णासाठी. गर्दीत अडकल्यावर बोट ‘मोकळी करून’ मिळत नाही.

खाजनवाट:
गोड्या पाण्याचं बरोबर आहे, आणि म्हणूनच नुकसान त्या आठवड्यात डोळ्यांना दिसत नाही. ऑगस्टात फट राहिली तर भरतीचं पाणी आत साठतं, वर पाऊस, शेत तुंबतं आणि भाताची मुळं कुजतात. खरा घात पुढे होतो. पाऊस ओसरला की नदी खारी होत जाते. बाटली तशीच अडकलेली असली तर भात फुलोऱ्यात असताना खारं पाणी शिरतं. कोरगुटसारखं जुनं वाण खारेपणा सोसतं, पण फुलोऱ्यात सोसण्यालाही हद्द आहे.

चारचाकीचं मान्य. त्यात भर घालतो: गाड्या आल्या की जागा हवी, जागेसाठी रस्त्याकडेला माती टाकतात, आणि त्या भरावाखाली पाण्याचा चर बुजतो. चर बुजवायला एक ट्रक पुरतो. मोकळा करायला पावसाळा संपायची वाट बघावी लागते.

ध्वनीवाला:
मंच हवा की नको यावर दोघेही भांडताय, पण कसला मंच हे कोणी बोलत नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, ठरावीक सणांना 12 पर्यंत सूट देऊ शकतं. आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज जास्तीत जास्त 75 डेसिबल. भोवतालची मर्यादा अधिक 10 हा आकडा त्याहून कमी भरला तर तो धरायचा. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55, म्हणजे तिथे 65 च.

आता मोजा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. स्पीकरच्या भिंतीपासून 10 मीटरवर 100 असेल तर 20 वर 94, 40 वर 88, 80 वर 82, 160 वर 76. गावाच्या मधोमध मैदानाला एवढी हद्द नसतेच. वर आपण नदीत आहोत. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार झाली, की वर जाणारा आवाज खाली वळतो आणि पलीकडच्या काठावर जवळचा वाटतो. शेजारच्या चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तेही विसरू नका.

उपाय बंदीचा नाही, मांडणीचा आहे. एका भिंतीऐवजी लहान स्पीकरच्या चार-पाच जोड्या, प्रेक्षकांमध्येच, 20-25 मीटरांवर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणून 34 मीटरवरच्या जोडीला 100 मिलिसेकंद उशीर द्यायचा, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतात. तोंड गावाकडे, पाण्याकडे पाठ. सबवूफर कमी, कारण खालचे सूर भिंतींनी अडत नाहीत. ब्रास बँडला तर माइकच लागत नाही! त्याला मिरवणुकीत मागून धावणाऱ्या जनरेटरच्या गाडीवर कशाला चढवता?

हळदपान:
स्टॉलबद्दल बोलते. ‘बाहेरचे विक्रेते बंद’ याला माझा पाठिंबा आहे, ‘बाहेरचं गिऱ्हाईक कमी’ याला अजिबात नाही. बचतगटाचं त्या एका दिवसाचं गणित बाहेरच्या गिऱ्हाइकावरच उभं आहे, बेटावरची माणसं पातोळ्या घरीच करतात, विकत घेत नाहीत.

पातोळ्या याच महिन्यात विकाव्यात, हळदीची पानं आत्ता कोवळी आणि रुंद असतात. पण हा माल टिकत नाही. ओलं खोबरं आणि गूळ, दमट हवा, सकाळची पातोळी रात्री आंबूस. म्हणून 300 एकदम वाफवायच्या नाहीत. पिठी भिजवून आणि चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) तयार ठेवून 40-40 चे घाणे, प्रत्येकी 15-20 मिनिटं वाफ, पानातच ठेवायच्या, गिऱ्हाइकासमोर पान सोलायचं. पान सोललं की वर उमटलेल्या शिरा दिसतात आणि जो वास सुटतो, त्यावर दहा माणसं थांबतात. बाहेरच्या मोमो-नूडल्सच्या दोन गाड्या शेजारी लावल्या की हा वासच मरतो.

मांडवाचं: 3 बाय 3 मीटरचा तंबू चार खुंट्यांवर ऑगस्टच्या वाऱ्यात राहत नाही, चिखलात खुंटी सुटते. प्रत्येक पायाला 20 लिटरचा पाण्याने भरलेला कॅन बांधा. छपराला एका बाजूला उतार द्या, नाहीतर मध्ये पाण्याचा फुगा होऊन तंबू बसतो. सिलिंडर तंबूबाहेर, मागच्या बाजूला, उभा.

आणि खाजनवाट, तुमच्या बाटलीवर: पेला अनामत 20 रुपये ठेवून स्टीलचा द्या, पाण्याची टाकी मांडा. बाटलीबंद पाणी विकायचंच नाही ही अट पंचायतीने स्टॉलच्या कागदावर लिहिली, तर मानशीपर्यंत जाणारा निम्मा कचरा तिथेच थांबेल.

अष्टमी:
याच बेटाच्या उत्तरेला नार्व्याची फेरी लागते. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान दिवाडीवर, देव पलीकडे नार्व्याला नेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ उभारायला लावलं. गोकुळाष्टमीला तिथे नदीकाठी स्नानाला माणसं जमतात, मंच नाही की ध्वनिक्षेपकाची भिंत नाही. स्नान झालं की माणूस थांबत नाही, त्यामुळे रांग आपोआप पसरते. बोंदेऱ्याला ते लागू नाही हे खरं, तिथे सगळ्यांना मिरवणुकीचा शेवटच बघायचा असतो. म्हणून मी फेरीधक्क्याच्या बाजूने: शेवटानंतर काहीतरी हवंच.

फेरीधक्का:
मग माझी मागणी बदलतो. मिरवणूक 5 ला संपवा, त्यानंतर 9 पर्यंत ध्वनीवाल्यांच्या मांडणीचा लहान मंच, गाणारे-वाजवणारे बेटावरचे. शेवटच्या तासाला तिथूनच दर 20 मिनिटांनी सांगा, धक्क्यावर रांग किती. जनरेटरचा ट्रक आदल्या दिवशी भरतीच्या वेळी आणा. उधाणाच्या ओहोटीला रॅम्पचा उतार एवढा तीव्र होतो, की लांब गाडीचं मागचं टोक घासतं आणि ती तिथेच अडकली तर सगळी वाहतूक बंद.

खाजनवाट:
9 चा मंच मला अजूनही जास्त वाटतो, 8 म्हणेन. पण बाटलीबंद पाणी नाही आणि बाहेरची चारचाकी नाही, या दोन्ही अटी आधी कागदावर येणार असतील तर तासाभरासाठी अडून बसणार नाही. एक अट मात्र माझीही घाला: रविवारी सकाळी ओहोटी लागली की प्रत्येक मानशीवर दोन माणसं, लांब बांबूला आकडी लावून. दार उघडं असतानाच फटीत हात पोचतो, भरती फिरली की दार मिटतं आणि आतलं काही दिसत नाही.

हळदपान:
बचतगटाकडून चार जणी येतील. ओहोटीची वेळ आदल्या दिवशी कळवा.