मदत हवी आहे: सख्ख्या भावांपैकी पिल्लांचा बाप कोण, हे डीएनए चाचणीतून कळेल का?

आमच्या लॅब्राडोर कुत्रीचा एकाच माजात दोन नरांशी संयोग झाला आणि ते दोघे सख्खे भाऊ आहेत. एका वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणून प्रत्येक पिल्लाची स्वतंत्र तपासणी करण्याची तयारी आहे. एका पिल्लाची जातीची चाचणी झाली, पण दोन्ही नर लॅब्राडोरच असल्याने तिचा पितृत्वासाठी उपयोग झाला नाही. आईचे आणि एका नराचे गालाच्या आतील नमुने देता येतील. पिल्लांचे दूध सुटले असल्याने त्यांच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळण्याची भीती नाही. दुसरा नर मात्र हयात नाही. त्याच्या फणीत अडकलेले केस कागदी पाकिटात कोरडे ठेवले आहेत आणि काहींच्या टोकाला मुळाचा पांढुरका कंद स्पष्ट दिसतो. (मूळ नसलेल्या केसातून मुख्यतः मायटोकाँड्रिया या पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा डीएनए मिळतो आणि तो आईकडूनच येत असल्याने सख्ख्या भावांत सारखाच असतो.) नोंदणीच्या कागदावर चुकीचा बाप लागू नये, एवढीच माझी काळजी आहे. अशा वेळी नेहमीची एसटीआर चाचणी (डीएनएतील पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे मोजणारी) पुरते की अधिक मार्कर, म्हणजे डीएनएतील ओळखखुणा, तपासणारी एसएनपी चाचणीच (डीएनएतील एकेका अक्षराचा फरक पाहणारी) मागावी, आणि तिच्यासाठी मुळासकट साधारण किती केस लागतात?