मशीनच्या मॅन्युअलमधलं ‘काउंट्स अप टू’ : नेमकं काय लिहावं?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका पॅकिंग मशीनचं इंग्रजी मॅन्युअल लिहितोय. पेटीत २४ नग पडले की कन्व्हेअर थांबतो. ‘द काउंटर काउंट्स अप टू २४’ चालेल का, की ‘इन्क्रीमेंट्स’ हवं?

उत्तर : व्याकरण चुकलेलं नाही, पण वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येतं. ‘काउंट्स अप’ जोडून वाचलं तर काउंटर मोजत मोजत २४ वर पोचतो. ‘अप टू २४’ जोडून वाचलं तर जास्तीत जास्त २४, म्हणजे १८ वर थांबला तरी ठीक! ‘काउंट्स अप फ्रॉम ० टू २४’ लिहा. मध्ये ‘फ्रॉम ०’ आलं की ‘अप’ आणि ‘टू’ सुटे होतात, दुसरा अर्थ उरतच नाही.

‘इन्क्रीमेंट’ एका पायरीसाठी राखून ठेवा : ‘इच पल्स इन्क्रीमेंट्स द काउंटर बाय १’. सगळी चढती मोजणी सांगायची तिथे ‘काउंट अप’. त्यापुढे कर्म मात्र जोडू नका. ‘काउंट अप द पार्ट्स’ म्हणजे नगांची एकूण बेरीज करा. हायफन फक्त नामाआधी, ‘काउंट-अप टायमर’ असा.

प्रश्न : ० ते २४ म्हणजे आकडे २५ झाले. मग नग २५ पडणार नाहीत का?

उत्तर : नाही. ० म्हणजे पेटी रिकामी. घोळ होतो तो तुलनेच्या शब्दात. ‘व्हेन द काउंट एक्सीड्स २४’ लिहिलं आणि प्रोग्रॅमही तसाच केला, की २५वा नग पडल्यावरच कन्व्हेअर थांबेल. ‘रीचेस २४’ हवं.

आणखी एक, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. आयईसी ६११३१-३ (मशीन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरच्या प्रोग्रॅमिंगचं आंतरराष्ट्रीय मानक) मधला सीटीयू, म्हणजे चढता काउंटर २४ ला स्वतःहून थांबत नाही. सीयू या मोजणीच्या इनपुटच्या प्रत्येक रायझिंग एजला (सिग्नल ऑफचा ऑन होताना) सीव्ही, म्हणजे आत्तापर्यंतची मोजणी, एकाने वाढतो आणि सीव्ही पीव्हीइतका (ठरवून दिलेला आकडा, इथे २४) किंवा जास्त असला की क्यू हा आउटपुट ऑन होतो, एवढंच. कन्व्हेअर थांबता थांबता एक नग सेन्सरसमोरून गेला तर डिस्प्ले २५ दाखवणारच. म्हणून मॅन्युअलमध्ये वरच्या एका वाक्याऐवजी मोजणी आणि थांबणं दोन वाक्यांत लिहा : ‘द काउंटर काउंट्स अप फ्रॉम ०. व्हेन द काउंट रीचेस २४, द कन्व्हेअर स्टॉप्स.’

काउंटर शून्यावर आणणारा रीसेट कधी द्यायचा तेही लिहा. आर (रीसेट) इनपुट ऑन असेपर्यंत सीव्ही शून्यावरच राहतो. त्या वेळात नवीन पेटीत पडलेला नग मोजला जात नाही, आणि पेटीत गुपचूप २५ जातात.

पुरवणी : डिकेड काउंटरबद्दल (० ते ९ मोजून पुन्हा ० वर येणारा) नुसतं ‘काउंट्स अप टू ९’ लिहिलं तर नऊ पल्समध्ये फेरी संपते असं वाटतं. फेरी दहा पल्सची आहे, दहावा पल्स शून्यावर आणतो. तिथे पुढे ‘अँड रोल्स ओव्हर टू ०’ जोडा.