रस्त्याच्या आणि पावसाळी गटाराच्या कामाचं पत्र आलंय. हरकत कधी आणि कशी घ्यायची?

प्रेषक: सु., मिनीॲपोलिसच्या पश्चिमेकडून
रविवार, रात्री

नमस्कार मंडळी,

मराठी मंडळाच्या ईमेल यादीवर एरवी गणपतीचे आणि पॉटलकचे निरोप येतात. आज जरा वेगळं विचारते आहे, चालेल ना?

आम्ही दोन वर्षांपूर्वी इथे घर घेतलं. यंदा उन्हाळाभर आमची गल्ली खणलेली होती. मे महिन्यात हिरवळीवर रंगीत झेंडे लागले, पाण्याच्या लाइनला निळे, गॅसला पिवळे, मैलापाण्याला हिरवे. मग जुनं डांबर खरवडून काढलं, दोन्ही कडांना काँक्रीटचा कर्ब बसवला आणि कोपऱ्यावर पावसाच्या पाण्यासाठी लोखंडी जाळ्या बसवल्या. रस्ता छान झाला आहे, त्यात वाद नाही.

शुक्रवारी सिटीचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. आमच्या घराचा वाटा ८,७०० डॉलर. एकरकमी भरा, नाही तर दहा वर्षांत ५ टक्के व्याजाने. सुनावणी तीन आठवड्यांनी आहे. घरपट्टी आम्ही भरतोच, मग हे वेगळे पैसे कशाचे? शेजारी म्हणतात, सगळ्यांनाच भरावे लागतात, भरून मोकळी हो. हिवाळ्यातही एक सुनावणी झाली म्हणे, पण तेव्हा आम्ही भारतात होतो. आता काही बोलायची सोय उरली आहे का?

सु.

-----

प्रेषक: वि. काका
सोमवार, सकाळी

सु.,

आधी पत्र नीट वाच. ही सुनावणी ‘इम्प्रूव्हमेंट’ची, म्हणजे काम करावं की नाही याची आहे, की ‘असेसमेंट’ची, म्हणजे कोणाच्या घरावर किती रक्कम बसवायची याची? काम झालंय आणि घरागणिक आकडा आलाय, म्हणजे ती असेसमेंटचीच असणार. तसं असेल तर तुझी वेळ गेलेली नाही. खरी वेळ आत्ताच आली आहे.

मी आयुष्यभर हेच काम केलं. आधी महाराष्ट्रात बांधकाम खात्यात, मग इथे एका काउंटीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिनेसोटात हा सगळा व्यवहार राज्याच्या कायद्याच्या प्रकरण ४२९ खाली चालतो. घरपट्टी सगळ्या गावासाठी असते. स्पेशल असेसमेंट मात्र ज्याच्या दारातलं काम, त्याच्याच माथी बसते, कारण त्या कामाने त्याच्या मालमत्तेला वेगळा फायदा होतो असं धरलेलं असतं. हा ‘वेगळा फायदा’ नीट लक्षात ठेव. कामामुळे तुझ्या घराची बाजारातली किंमत जेवढी वाढली, त्यापेक्षा जास्त रक्कम सिटीला तुझ्यावर बसवता येत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली सेंट क्लाउडच्या ब्यूटनर खटल्यात हीच कसोटी लावली. रस्त्याला खर्च किती आला हा एक प्रश्न, आणि तुझ्या घराला फायदा किती झाला हा दुसरा. सिटीच्या पत्रात सहसा पहिल्याच प्रश्नाचं उत्तर असतं.

सिट्या असेसमेंट लावतात त्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. रस्त्यासाठी कर्जरोखे काढायचे तर सहसा मतदान घ्यावं लागतं. पण खर्चाचा निदान २० टक्के भाग असेसमेंटमधून येणार असेल, तर प्रकरण ४२९ खाली मतदानाशिवाय रोखे काढता येतात. त्यामुळे कितीतरी ठिकाणी हा २० टक्क्यांचा आकडा आधी ठरतो आणि घरांची वाटणी मागून होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रकमेबद्दल कोर्टात जायचा हक्क हवा असेल तर लेखी हरकत पाहिजे, तिच्यावर मालकाची सही पाहिजे, आणि ती सुनावणीच्या आधी सिटी क्लार्ककडे (सिटीची कागदपत्रं सांभाळणारा अधिकारी) किंवा सुनावणीतच अध्यक्षांच्या हातात गेली पाहिजे. नुसतं माइकवर बोलून भागत नाही. ठराव झाल्यावर ३० दिवसांच्या आत मेयरला किंवा क्लार्कला अपिलाची नोटीस द्यायची आणि ती दिल्यावर १० दिवसांत जिल्हा न्यायालयात दाखल करायची. पण सुनावणीच्या दिवशी तुझं कागदपत्र तिथे नसेल तर पुढचं दार सहसा बंदच.

रस्ता नको होता असं मात्र पत्रात म्हणू नकोस. तो हवाच होता. इथे हिवाळ्यात जमीन साडेतीन-चार फूट खोल गोठते. चिकणमातीत पाणी मुरलेलं असलं की ते गोठताना रस्त्याला वर ढकलतं. मार्च-एप्रिलमध्ये वितळायला वरून सुरुवात होते. खालचा थर अजून दगडासारखा असतो, वरच्या पाण्याला जायला वाट नसते, आणि डांबराखालची खडी चिखलात बसते. अशा वेळी कचऱ्याची एक गाडी गेली तरी रस्ता मोडतो. म्हणून आता कर्बच्या मागे छिद्रांचा पाइप घालतात. तुझ्या तळघरात साचलेलं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाचं पाणीही त्यात सोडता येत असेल, चौकशी कर. पूर्वी ते पाणी रस्त्यावर यायचं आणि जानेवारीत तिथे काच व्हायची. तुझ्या गल्लीत जे खणलं ते खरं काम आहे. भांडायचं असेल तर आकड्याशी भांड.

वि. काका

-----

प्रेषक: मी., सेंट पॉलच्या पूर्वेकडून
सोमवार, दुपारी

सु., काकांनी लिहिलेलं ते कागद आणि सहीचं वाक्य छापून फ्रिजवर लाव. ते मला वेळेवर कोणी सांगितलं नाही.

आमचं घर कोपऱ्यावर आहे. सहा वर्षांपूर्वी दोन्ही रस्त्यांचं काम एकदम निघालं. आमच्या सिटीने वाटणी रस्त्याला लागलेल्या लांबीवर केली, म्हणजे दर फुटाला अमुक डॉलर. गल्लीच्या बंद, गोल टोकाच्या घरांना पुढची बाजू अरुंद, त्यांना थोडे. आम्हाला दोन बाजू, म्हणून शेजाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. गाडी मात्र आम्ही एकाच दारातून काढतो.

पहिल्या सुनावणीला मी गेले होते. बाहेर बर्फ पडत होता, सभागृहात पंधरा-वीस माणसं. तीन मिनिटं मिळाली. मी घराचा नकाशा नेला होता, दोन्ही बाजूंची मापं लिहून. कौन्सिलच्या एका बाईंनी मान डोलावली, आणि मला वाटलं आपलं म्हणणं नोंदवलं गेलं. वर्षभराने दुसरं पत्र आलं तेव्हा सासूबाई रुग्णालयात होत्या. पत्र मायक्रोवेव्हवर पडून राहिलं. मनात होतं, मी सगळं सांगितलंच आहे की. ठराव झाल्यावर वकिलाला फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, “सही केलेली हरकत दिलीत का?” नव्हती दिली. पहिल्या सुनावणीतलं बोलणं काम करावं की नाही एवढ्यापुरतं होतं. रकमेसाठी दुसरी सुनावणी, आणि तिथे आमचा कागद नव्हता. आजही दर वर्षी घरपट्टीच्या कागदावर ती वेगळी ओळ दिसते आणि मला तो नकाशा आठवतो.

आणखी एक. शेजारचं कोणी सहीचा कागद घेऊन आलं तर वाचल्याशिवाय सही करू नका. कौन्सिलने आपणहून काम काढलं तर पाचातली चार मतं लागतात. पण रस्त्याकडेच्या एकूण लांबीपैकी ३५ टक्के लांबीच्या मालकांनी काम मागणारा अर्ज दिला असेल तर साधं बहुमत पुरतं. आमच्याकडे “रस्ता सुधारा” अशा अर्जावर बऱ्याच जणांनी चहा पिता पिता सही केली होती. त्या सहीने काय बदललं हे नंतर कळलं.

मी.

-----

प्रेषक: रा., दक्षिण उपनगर
सोमवार, रात्री

सगळ्यांचं वाचलं. मी जरा वेगळं म्हणणार आहे.

माझे वडील दक्षिण महाराष्ट्रात एका शहराच्या कडेला गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या, प्लॉटवर राहायचे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली त्यांनी प्लॉट नियमित करून घेतला. प्रशमन शुल्क भरलं, विकास शुल्क भरलं, पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. त्या पैशांतून वस्तीत रस्ते आणि गटारं व्हायची होती. त्यांच्या हयातीत दारात मुरूमच होता. पावसाळ्यात आई चपला हातात घेऊन मेन रोडपर्यंत जायची. इथे आधी काम होतं, डोळ्यांनी दिसतं, मग बिल येतं. मला याचं मोल फार वाटतं.

आणि आमचं घर उताराच्या तळाशी आहे. वरच्या पंचवीस घरांचं पाणी आमच्याकडे यायचं. दोनदा तळघरातलं कार्पेट फाडून टाकलं. नवीन गटार झाल्यापासून पाणी नाही. वरचा प्रत्येक जण “माझ्याकडे पाणी तुंबत नव्हतं, मला काय फायदा” म्हणून हरकत घ्यायला लागला तर खालच्याने कुठे जायचं? त्यांच्याच छपराचं पाणी होतं ते.

रा.

-----

प्रेषक: वि. काका
मंगळवार, सकाळी

रा., तुझं म्हणणं मला मान्य आहे आणि ते टोचलंही. वडिलांच्या पावत्यांचं वाचून थांबलो थोडा वेळ.

पण तुझ्या मुद्द्याचं उत्तर वरच्यावर जास्त असेसमेंट लावणं हे नाही. वरच्या घराला वेगळा फायदा झाला नसेल तर तो खर्च सगळ्या गावाचा आहे, तो घरपट्टीतून किंवा पावसाळी पाण्याच्या मासिक आकारातून यावा. तू महिन्याच्या पाणीबिलात ‘स्टॉर्म वॉटर’ची ओळ बघत असशील, ती त्यासाठीच. काही उपनगरं आता वीज आणि गॅसच्या बिलावरच्या फ्रँचायझी फीमधून रस्ते करतात. मला स्वतःला रस्त्यासाठी तीच पद्धत पटते. दर महिन्याला सगळ्यांकडून थोडं, आणि वीस-पंचवीस वर्षांनी एकाच घरावर डोंगर नाही. पण तेही मनाला येईल तसं करता येत नाही. सेंट पॉलने रस्त्यांच्या देखभालीचा आकार ‘फी’ म्हणून लावला होता. २०१६ साली फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही फी नाही, हा कर आहे.

फायद्याची मर्यादा का हवी याचं जुनं उदाहरण ओहायोतल्या नॉरवुड गावाचं. गावाने बेकर नावाच्या बाईंच्या जमिनीतून रस्ता काढला, जमिनीचा मोबदला दिला, आणि मग तो मोबदला आणि वरचा खर्च त्यांच्याच उरलेल्या जमिनीवर असेसमेंट म्हणून बसवला. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. १८९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फायद्यापेक्षा फार जास्त आकारणी म्हणजे मोबदला न देता मालमत्ता घेणंच. आपल्याकडेही १९६६ च्या नगररचना कायद्यात नगररचना योजनेतल्या मालकाकडून जमिनीच्या वाढलेल्या किमतीच्या निम्म्याहून जास्त अंशदान घेता येत नाही. विचार तोच आहे.

सु., तुझ्यासाठी पैशाचा हिशेब. दहा वर्षं समान मुद्दल म्हणजे वर्षाला ८७०, वर ५ टक्क्यांनी उरलेल्या रकमेवर व्याज. सगळं मिळून व्याज साधारण २,४०० डॉलर होतं. ठरावानंतर ३० दिवसांत पूर्ण भरलंस तर व्याज शून्य. हप्ते घेतलेस तर रक्कम घरपट्टीबरोबर वसूल होते, म्हणजे तुझ्या मॉर्गेजच्या एस्क्रोमधून (घरपट्टीसाठी बँक दर महिन्याला पैसे बाजूला ठेवते ते खातं). बँकेला आधी कळवलं नाहीस तर वर्षभराने एस्क्रो कमी पडल्याचं पत्र येतं आणि महिन्याचा हप्ता एकदम वाढतो. घर विकायचं झालं तर बाकी रक्कम कोण भरणार हे खरेदीच्या करारातच लिहायचं. आणि नव्या रस्त्याची ही रक्कम घरपट्टीसारखी इन्कम टॅक्समध्ये वजा होत नाही, ती घराच्या मूळ किमतीत धरायची. पावती जपून ठेव.

कोर्टाबद्दल खरं सांगतो. तिथे सिटीचा आकडा बरोबर आहे असंच धरून सुरुवात होते. तो चुकीचा आहे हे दाखवायला आपला मूल्यांकन तज्ज्ञ लागतो आणि त्याची फी आपल्याच खिशातून जाते. एकट्याने परवडत नाही. तीन-चार घरांनी मिळून केलं तर विचार करता येतो. पण हरकतीच्या पत्राला काही खर्च नाही, आणि ते हातात आल्यावर कौन्सिल आकडा पुन्हा बघायला मोकळं असतं.

गल्लीत कोणी ६५ किंवा त्याहून जास्त वयाचे आहेत का? त्यांना हे भरणं जड जात असेल तर सिटी वसुली पुढे ढकलू शकते, घर विकेपर्यंत किंवा त्यांच्या पश्चात. कायमच्या अपंगत्वामुळे निवृत्त झालेल्यांनाही हे लागू आहे. पण तशी सोय सिटीने केलेली असावी लागते, आणि अर्ज त्यांनी स्वतः करावा लागतो. व्याज चालू राहतं का, ते क्लार्कला विचार.

वि. काका

-----

प्रेषक: सु.
गुरुवार, रात्री

काका, मी. ताई, रा. दादा, मनापासून आभार.

पत्र पाहिलं, असेसमेंटचीच सुनावणी आहे. काल ऑफिसातून लवकर निघून सिटी हॉलला गेले. इंजिनिअर भले गृहस्थ होते, अर्धा तास दिला. आमच्याकडे वाटणी घरागणिक सारखी आहे. मी विचारलं, घराची किंमत किती वाढली याचं मूल्यांकन केलंय का? ते म्हणाले, या कामासाठी वेगळं केलेलं नाही, नेहमीच्या धोरणानुसार आकडा ठरलाय. ते वाक्य मी तिथेच वहीत लिहून घेतलं, तारखेसह.

हरकतीचं पत्र लिहिलंय, एक पान. पत्ता, पार्सल नंबर (आमच्या जमिनीचा सरकारी क्रमांक), रक्कम, आणि पुढे: “रस्त्याच्या आणि निचऱ्याच्या कामाला आमचा विरोध नाही. आमच्या मालमत्तेला झालेल्या फायद्यापेक्षा ही रक्कम जास्त आहे म्हणून आम्ही या रकमेवर हरकत घेत आहोत. ही रक्कम कशाच्या आधारे ठरवली ते मूल्यांकन दाखवावे.” घर दोघांच्या नावावर आहे म्हणून दोघांच्या सह्या. सोमवारी क्लार्कच्या खिडकीत स्वतः नेऊन देणार आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेणार.

रा. दादा, तुमचं वाचून पत्रातलं पहिलं वाक्य बदललं. आधी तिथे “अनावश्यक खर्च” असं होतं.

समोरच्या घरात एक ८१ वर्षांच्या आजी एकट्या राहतात, नॉर्वेजियन वंशाच्या. काल त्यांच्याकडे गेले तर हेच पत्र जेवणाच्या टेबलावर, चष्म्याखाली ठेवलेलं. वसुली पुढे ढकलता येते हे त्यांना माहीतच नव्हतं. आमच्या सिटीत ती सोय आहे. अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला, जन्मतारखेचा कागद शोधायला तासभर लागला. सोमवारी त्यांना माझ्या गाडीतून नेते आहे. दहा वाजता निघू. आजी स्वतः गल्लीतल्या आणखी दोघींना फोन करणार आहेत.

सु.